लिव्हरमधली पाण्याची गाठ : सुई टोचण्याआधी

आमच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकू गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी हातात रिपोर्टचं पाकीट घेऊन वर आल्या. जळजळीचा त्रास बरेच दिवस होता, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला सोनोग्राफी सांगितली होती. खडे नव्हते. रिपोर्टच्या शेवटी मात्र दोन ओळी होत्या : लिव्हरच्या चौथ्या भागात, अगदी पृष्ठभागालगत, ३.२ सेंटिमीटरची सिस्ट. सीटी किंवा एमआरआय करून खात्री करावी. काका मागोमाग आलेच. चपला काढता काढता म्हणाले, "अगं, सुईनं पाणी काढून तुमच्या लॅबमध्ये तपासलं की झालं ना? त्यासाठी एवढे स्कॅन कशाला?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सुईनं काढलेलं पाणी आणि कापून काढलेल्या गाठी तपासणं हेच माझं रोजचं काम. तरीही काकांना म्हटलं, "काका, सुई सगळ्यात शेवटी." त्यावर तासभर बोलणं झालं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे, काकूंना विचारूनच.

सिस्ट म्हणजे आतून अस्तर असलेली आणि द्रवानं भरलेली बंद पिशवी. मराठीत आपण गळवालाही गाठ म्हणतो, चरबीच्या गोळ्यालाही गाठ म्हणतो आणि कॅन्सरलाही गाठच म्हणतो, त्यामुळे 'लिव्हरमध्ये गाठ' एवढं कानावर पडलं की घरातलं वातावरण बदलतं. वास्तविक लिव्हरमधली साधी सिस्ट ही फार नेहमीची गोष्ट आहे. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये ती अडीच ते अठरा टक्के लोकांत सापडली आहे. चाळिशीनंतर जास्त, बायकांमध्ये जास्त. आपण गर्भात असताना पित्त वाहून नेणाऱ्या असंख्य बारीक नळ्या तयार होतात. त्यातली एखादी मुख्य जाळ्याला जोडलीच जात नाही, तिची दोन्ही तोंडं बंद राहतात आणि आतलं अस्तर थेंब थेंब पाणी सोडत राहतं. वर्षानुवर्षं पाणी साचून तिचा फुगा होतो. ही साधी सिस्ट कॅन्सरमध्ये बदलत नाही. युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट म्हटलं आहे की साध्या सिस्टचा त्रास नसेल तर पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करत बसायचीही गरज नाही.

मग ती 'साधी' आहे हे ठरवायचं कशावरून?

सोनोग्राफीत मशीन आवाजाच्या लहरी आत सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी पकडतं. जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथून प्रतिध्वनी येतो. लिव्हरच्या मांसल भागात असे बदल पदोपदी, म्हणून तो पडद्यावर दाणेदार राखाडी दिसतो. स्वच्छ पाण्यात बदलच नाही, म्हणून प्रतिध्वनी नाही, म्हणून तिथे काळाभोर गोल दिसतो. आणखी एक खूण असते, ती मला फार आवडते. पाण्यातून जाताना आवाज जवळजवळ थकतच नाही, त्यामुळे त्या काळ्या गोलाच्या मागचा भाग आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. मागे उजेड, आत काळोख, भिंत जेमतेम दिसेल इतकी पातळ, आत पडदे नाहीत, गाळ नाही : एवढं जुळलं की सिस्ट साधी. पुढे काही करायचं नाही.

म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर शेवटच्या ओळीतल्या शक्यतांच्या यादीवर नजर खिळू देऊ नका. रेडिऑलॉजिस्टनं त्या यादीत जे जे शक्य ते सगळं लिहिलेलं असतं, ते त्यांचं कर्तव्यच आहे. वर्णनाचा परिच्छेद वाचा. भिंतीबद्दल काय लिहिलंय, आतल्या द्रवाबद्दल काय लिहिलंय, पडदे आहेत का, चुना साचलाय का, गाठ नेमकी कुठे आहे. निदान या शब्दांमधून होतं.

काकूंच्या रिपोर्टमध्ये इथेच जरा अडलं. भिंत पातळ होती, पडदे नव्हते, पण आतला भाग काळा नव्हता. 'आत बारीक प्रतिध्वनी' असं लिहिलेलं होतं. म्हणजे आत निव्वळ पाणी नव्हतं, काहीतरी दाट होतं. दाट द्रव अनेक कारणांनी असू शकतो. साध्या सिस्टमध्ये रक्तस्राव झाला तरी ती अशी दिसते. आपल्याकडे आवेमुळे लिव्हरमध्ये गळू होतं, तेही आतून धुरकट दिसतं. पण त्यात ताप असतो, उजव्या बरगडीखाली बोट लावू देत नाही इतकं दुखतं. काकूंना तसलं काही नव्हतं. एकापेक्षा जास्त, दहाच्या वर सिस्ट असत्या तर किडन्या तपासल्या असत्या आणि आईवडिलांच्या आजारांची चौकशी केली असती, कारण तो आजार घराण्यात चालत येतो. काकूंच्या लिव्हरमध्ये गाठ एकच होती.

यानंतर मी त्यांना जो प्रश्न विचारला तो ऐकून काका चकित झाले. विचारलं, "काकू, लहानपणी घरी कुत्रं होतं का?"

काकूंचं माहेर सासवडजवळचं. दिवाळीनंतर धनगरांचे कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचे. कळपाबरोबर राखणीची कुत्री असायची, आणि काकू व त्यांची भावंडं त्या कुत्र्यांशी खेळायची. प्रश्न त्यासाठीच होता.

कुत्र्याच्या आतड्यात एक चिमुकला पट्टकृमी राहू शकतो, जेमतेम काही मिलिमीटर लांब. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर जातात, ते गवत मेंढी खाते. मेंढीच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात त्या अंड्यातून पाण्याची पिशवी वाढते. मेंढी कापल्यावर ते अवयव कुत्र्यानं खाल्ले की चक्र पूर्ण. माणूस या चक्रात चुकून सापडतो : हात न धुता खाल्लं, न धुतलेली भाजी खाल्ली, अंगाला अंडी लागलेल्या कुत्र्याला कुरवाळलं. अंडं पोटात गेलं की त्यातला जीव रक्तातून बहुतेक वेळा लिव्हरमध्येच अडकतो आणि तिथे अतिशय सावकाश वाढतो. लहानपणी शिरलेल्या किड्याची गाठ पन्नाशीत सापडू शकते. हीच हायडॅटिड सिस्ट.

काकांची सुई मी याच कारणानं थांबवली होती. हायडॅटिड सिस्टमधलं पाणी दाबाखाली असतं आणि त्यात किड्याची प्रथिनं, त्याची पिल्लं असतात. वरवर सोपी वाटणारी सुई बेसावध टोचली आणि ते पाणी पोटात गळलं, तर शरीर त्यावर इतकी जोरदार ॲलर्जी दाखवू शकतं की रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. त्यातून वाचलं तरी सांडलेल्या पिल्लांपासून पोटभर नव्या गाठी होऊ शकतात. हायडॅटिडमध्येही सुईनं उपचार करतात, नाही असं नाही. पण तेव्हा आधी अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध सुरू केलेलं असतं, भूलतज्ज्ञ शेजारी उभा असतो, आत किडा मारणारा द्रव सोडतात, सगळी तयारी असते. काय आहे हे माहीत असून टोचणं आणि माहीत करून घ्यायला टोचणं यात फार अंतर आहे.

स्कॅनमध्ये हायडॅटिड बऱ्याचदा स्वतःची ओळख देते. तिच्या भिंतीला दोन रेषा दिसतात, कारण आतली भिंत किड्याची आणि बाहेरची आपल्या शरीरानं बांधलेली. कधी मोठ्या पिशवीत छोट्या पिशव्या दिसतात, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या दाटीनं. कधी आतली भिंत सुटून पाण्यावर तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेनं या रूपांचे टप्पे ठरवून दिले आहेत, त्यावरून किडा जिवंत आहे की मेलेला याचा अंदाज येतो. रक्ताचीही तपासणी असते. काकूंची ती निगेटिव्ह आली. मात्र हायडॅटिड असूनही रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे नुसत्या त्या कागदावर मी विसंबले नसते. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या : रक्त निगेटिव्ह, आणि भिंतीला दुहेरी रेषा नाही, आत छोट्या पिशव्या नाहीत, चुना नाही. तेव्हा कुठे हायडॅटिडचं पारडं हलकं झालं.

दुसरी एक शक्यता काकूंच्या वयामुळे मनात होती. मधल्या वयाच्या बायकांमध्ये, आणि जवळजवळ फक्त बायकांमध्येच, लिव्हरमध्ये चिकट द्रवाची एक गाठ होते. तिच्या भिंतीत मायक्रोस्कोपखाली अंडाशयासारखा पेशीसमूह दिसतो. ती आज निरुपद्रवी असली तरी पुढे कॅन्सरकडे वळू शकते, म्हणून पूर्ण काढावी लागते. तिच्यात बहुतेक वेळा पडदे असतात, आणि पडदा भिंतीपासून निघून आत जाताना दिसतो. काकूंच्या गाठीत पडदा नव्हता.

इथे एका तपासणीबद्दल सांगायलाच हवं, कारण तिच्यापायी लोक विनाकारण रात्र रात्र जागतात. सीए १९-९ नावाची रक्ततपासणी 'कॅन्सर मार्कर' म्हणून ओळखली जाते. लिव्हरच्या सिस्टमध्ये ती वाढलेली आली म्हणजे कॅन्सर असं मुळीच नाही. हा पदार्थ पित्तनलिकेच्या निरोगी अस्तराच्या पेशीही तयार करतात, त्यामुळे साध्या सिस्टमध्येही आकडा फुगलेला दिसतो. मघाच्या त्याच युरोपीय सूचनांत म्हटलं आहे की सिस्ट कुठल्या प्रकारची हे या मार्करवरून ठरवू नये. एखाद्या पॅकेजमध्ये ती आपसूक झाली आणि आकड्यापुढे लाल खूण दिसली, तर आधी स्कॅनचं वर्णन समोर घ्या आणि मगच तो आकडा बघा.

काकूंचा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झाला. आधी क्रिॲटिनिन तपासलं, कारण शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध किडनीवाटे बाहेर पडतं. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा मिळतो. ती मोजपट्टी हाउन्सफील्ड यांच्या नावानं ओळखली जाते. माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी त्यांच्या यंत्रावर १९७१ साली निघाला. मोजपट्टीवर पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे हजार. साधी सिस्ट शून्याच्या आसपास असते, निरोगी लिव्हर पन्नास-साठच्या घरात. काकूंच्या गाठीचा आकडा चाळिशीत होता. हे वाचून कुणीही म्हणेल की ही सिस्ट नाहीच, भरीव गाठ आहे. काकांनी गूगलवर तेच वाचलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

पण एका आकड्यावर निदान करायचं नसतं. कॉन्ट्रास्टच्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवायचा. भरीव गाठीला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे औषध तिच्यात शिरतं आणि तिचा आकडा वाढतो. द्रवात रक्तवाहिन्या नसतात, तिथे औषध शिरणार कुठून? काकूंच्या लिव्हरचा आकडा कॉन्ट्रास्टनंतर दुपटीच्या जवळ गेला, गाठीचा जिथल्या तिथे राहिला. म्हणजे आत द्रवच होता, फक्त फार दाट. मग एमआरआय केला. पाणी ज्या छायाचित्रात पांढरंशुभ्र दिसतं त्यात गाठ पांढरी लखलखली. आता रेडिऑलॉजिस्टनं रिपोर्टमध्ये एका दुर्मीळ सिस्टचं नाव लिहिलं.

तिला म्हणतात सिलिएटेड हिपॅटिक फोरगट सिस्ट. नाव लांबलचक आहे, पण त्यात सगळी गोष्ट दडलेली आहे, म्हणून सावकाश सांगते.

गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना त्याची अन्ननलिका, जठर, लिव्हर, फुप्फुसं काही वेगवेगळी नसतात. एक साधी नळी असते. तिच्या वरच्या भागाला फोरगट म्हणतात, मराठीत आद्य आतडं म्हणूया. या नळीला एका जागी कोंब फुटतो, तो लिव्हर होतो. जरा वर दुसरा कोंब फुटतो, त्याची श्वासनलिका आणि फुप्फुसं होतात. दोघं एकाच नळीची लेकरं, आणि तेव्हा अगदी शेजारी शेजारी. क्वचित एखाद्या गर्भात श्वासनलिका व्हायच्या पेशींचा लहानसा पुंजका वाट चुकून लिव्हरच्या कोंबात अडकतो. लिव्हर वाढतं, माणूस जन्माला येतो, शाळेत जातो, संसार करतो. आणि लिव्हरच्या कडेला श्वासनलिकेच्या अस्तराची एक बंद पिशवी गुपचूप बसून असते. श्वासनलिकेचं अस्तर काय करतं? शेंबडासारखा चिकट स्राव तयार करतं. म्हणून आत पाणी नसून दाट चिकट द्रव असतो, म्हणून सोनोग्राफीत ती राखाडी आणि सीटीत भरीव वाटते.

जागेचा पुरावाही आहे. क्विनो या फ्रेंच शल्यविशारदांनी १९५७ साली रक्तवाहिन्यांच्या फांद्यांवरून लिव्हरचे आठ भाग मांडले, आजही जगभर तेच आकडे वापरतात. ही दुर्मीळ सिस्ट बहुतेक वेळा चौथ्या भागात, पृष्ठभागालगत, एकटी आणि तीन-चार सेंटिमीटरच्या आत सापडते. काकूंच्या पहिल्याच रिपोर्टमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं. 'चौथा भाग, पृष्ठभागालगत' हे शब्द मी त्या संध्याकाळी वाचले तेव्हा पुसटशी शंका आली होती. बोलले नाही, कारण इतकी दुर्मीळ गोष्ट आधी बोलून दाखवायची नसते. नेहमीच्या आणि धोक्याच्या गोष्टी आधी बाद करायच्या.

फ्रीडराइश या जर्मन डॉक्टरांनी १८५७ मध्ये अशा गाठीचं पहिलं वर्णन केलं. तिला आजचं नाव मिळालं १९८४ मध्ये, व्हीलर आणि एडमंडसन यांच्याकडून. वैद्यकीय साहित्यात तिच्या शंभराहून थोड्याच अधिक नोंदी असल्याचं अनेक लेखांत वाचायला मिळतं. पोटाचे स्कॅन वाढले तशा नोंदीही वाढल्या.

मग काढायची कशाला, असं काकूंनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३ ते ५ टक्क्यांत या अस्तरातून कॅन्सर झालेला आढळला, आणि तो आक्रमक होता. हा आकडा ऐकताना एक लक्षात घ्यायला हवं : कॅन्सर झालेला रुग्ण हमखास लेखात येतो, आयुष्यभर गप्प बसलेली सिस्ट कुणाला कळतही नाही. खरा धोका याहून कमी असण्याचीच शक्यता जास्त. तरी धोका आहे, गाठ पृष्ठभागावर आहे, दुर्बिणीतून काढण्याजोगी आहे, बाईंची तब्येत चांगली आहे, हे सगळं जोखून बहुतेक सर्जन काढण्याचा सल्ला देतात. ऐंशी वर्षांच्या, हृदय अशक्त असलेल्या माणसात हीच गाठ असती तर मी तरी 'नुसतं लक्ष ठेवा'च्या बाजूनं बोलले असते. काकूंच्या बाबतीत सर्जनचा निर्णय मला पटला. सुईचा पर्यायही आता उघडा होता, हायडॅटिडची शंका मागे पडली होती. पण सुईत नेमक्या पेशी येतीलच याची खात्री नसते, आणि गाठ काढायचीच ठरल्यावर सुईनं वेगळं काही हाती लागलं नसतं.

गाठ माझ्याच टेबलावर आली. फॉर्मलिनच्या डबीत, बाहेरून लिंबाएवढी, करडी, एका बाजूला लिव्हरचा पातळ तपकिरी काठ. पातं फिरवलं तेव्हा पाणी उडालं नाही. आतून पांढरट, डिंकासारखा घट्ट द्रव सावकाश बाहेर सरकला आणि पात्याला तार धरून लटकला. आतली भिंत गुळगुळीत, कुठे उंचवटा नाही, दाणा नाही. तरीही संपूर्ण भिंतीचे तुकडे तपासणीला घेतले, एकही सोडला नाही. कॅन्सर असलाच तर तो एखाद्या कोपऱ्यात असतो.

स्लाइड दुसऱ्या दिवशी तयार झाल्या. कमी भिंगातून चार थर दिसले : आत अस्तर, त्याखाली सैल धाग्यांचा थर, मग स्नायूंच्या गुलाबी पट्ट्या, बाहेर तंतूंचं वेष्टण. स्नायूंचा थर पाहूनच हात थबकला, कारण साध्या सिस्टला तो नसतो. चाळीसच्या भिंगावर गेले आणि अस्तराच्या माथ्यावर ती दिसली : लव, म्हणजेच नावातल्या 'सिलिएटेड'मधला सिलिया. मखमलीच्या कापडाची कड उजेडात धरल्यावर दिसते तशी बारीक, एकसारखी, गुलाबी. आपल्या श्वासनलिकेत हीच लव दिवसरात्र धूळ आणि कफ वर लोटत असते. इथे बंद पिशवीत लोटायला दिशाच नव्हती, तरी ती पेशींच्या माथ्यावर नीट उभी होती. मधूनमधून स्रावानं फुगलेल्या पेशी. विचित्र पेशी कुठेच नाही. मी सगळे तुकडे दोनदा पाहिले, मग सहकाऱ्याला दाखवले, आणि मगच रिपोर्टवर सही केली.

ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आला आहे त्यांना दोन गोष्टी सांगते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका, स्कॅनची सीडी किंवा लिंक न्या, कारण दुसरा रेडिऑलॉजिस्ट चित्रं बघून मत देतो. ऑपरेशन झालं असेल तर लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घेता येतात. त्यातून पुन्हा नवे काप निघतात. आणि कुणी घाईघाईनं 'पाणी काढून टाकू' म्हणालं, तर न संकोचता विचारा : हायडॅटिड नाही हे कशावरून ठरवलं? साध्या सिस्टमधलंही नुसतं पाणी काढलं तर अस्तर शाबूत राहतं आणि पिशवी पुन्हा भरते. त्रास होत असेल तर तिचं छप्पर दुर्बिणीतून कापतात किंवा अस्तर निकामी करणारं औषध आत सोडतात.

महिन्याभरानं काकूंना लॅबमध्ये बोलावून मायक्रोस्कोपला बसवलं. चष्मा काढून, पुन्हा लावून, बराच वेळ त्या बघत राहिल्या. मी पॉइंटर लवेवर आणून ठेवला होता. "हे गळ्यातलं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, हो, श्वासनलिकेतलं. "आणि एवढी वर्षं पोटात?" मग भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या, "यांनाही दाखव. सुई टोचायला निघाले होते."